बारा मोटेची विहीर, लिनोवर : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

यंदाच्या मोठ्या लिनोकटसाठी (लिनोच्या लादीवर कोरून छापलेलं चित्र) लिंबची बारा मोटेची विहीर घ्यायची, हे पक्कं केलं. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना लिंब फाट्याला आत वळायचं, गाव ओलांडून शेरीच्या वाडीत जायचं. इ. स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधून घेतली. साताऱ्यात तेव्हा शाहू महाराजांचं राज्य होतं. मुख्य विहीर आठकोनी, व्यास साधारण ५० फूट आणि खोली ११० फूट. तिला जोडून पायऱ्यांची लांबट बाजू, आणि दोन्हींच्या मध्ये पुलासारखा भाग, ज्याच्या पोटात चक्क दालन आहे. एका वेळी बारा मोटा चालायच्या, त्यांच्या पाण्यावर आमराई पोसली जायची.

फोटो बहुतेक जण पायऱ्यांकडून काढतात. कमानी तिथून सुरेख दिसतात, खरंच आहे. मला मात्र वरच्या गच्चीवर उभं राहून आठकोनात खाली बघतानाचं चित्र हवंय. वरचे चिरे मोठे, उन्हात पांढुरके. खाली जाता जाता थर दाटत जातात, दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, बारीक होत जातात, मग काळोख आणि तळाला पाणी. लिनोकटमध्ये आपण काळ्यातून पांढरं काढत जातो. न कोरलेली लादी छापली तर सगळं काळं, आणि हत्यार जिथे फिरेल तेवढंच उजळ. या विहिरीत उजेड वरून खाली असाच थोडा थोडा उतरतो.

आकार ३० बाय ४५ सेंटिमीटर, उभा. एकच ब्लॉक, म्हणजे कोरलेली लादी, आणि एकच रंग. छपाई हातानेच, कागद मागून लाकडी चमच्याने घासून, प्रेसवर नाही.

१६ जानेवारी

दिवसभर विहिरीवर. स्केचवही, मापपट्टी आणि घड्याळ घेऊन.

घड्याळ उजेडासाठी. हिवाळ्यात साताऱ्याला दुपारी बारा-साडेबाराला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपास. त्यामुळे ऊन विहिरीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर पडतं आणि निम्म्या खोलीपर्यंतच पोचतं. उन्हाची कड भिंतीवरून तिरकी खाली उतरते, आठकोनाच्या कोपऱ्यावर मोडते आणि पुढच्या बाजूवर वेगळ्याच कोनात जाते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा ऊन थेट पाण्यात पडत असणार, पण भिंतींवर सावल्या नसतील आणि चिरे सपाट दिसतील. म्हणून जानेवारीचाच उजेड घ्यायचा. सव्वाबाराची उन्हाची कड काढून घेतली आहे, चित्राचा कणा तीच.

चिऱ्यांवर टाकीच्या, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीच्या, खुणा जवळून पाहिल्या. दर्शनी भाग सगळीकडे सारखा घडवलेला नाही. काही चिऱ्यांवर बारीक ठिपके आहेत, काहींवर तिरक्या रेघा. दगडावर ज्या दिशेने टाकी चालली असेल त्याच दिशेने माझं हत्यार लिनोवर चालवायचं, असं ठरवून प्रत्येक दर्शनी चिऱ्यासाठी बाण काढून ठेवले. एका दरजेतून पिंपळाचं रोप आलंय. चित्रात ते घेणार.

२१ जानेवारी

लिनो आला. राखाडी रंगाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, पाठीला तागाचं कापड असलेला खरा लिनो. हल्ली बऱ्याच ठिकाणी लिनो म्हणून मऊ रबरी किंवा व्हिनाइलची लादी मिळते. शिकण्यासाठी ती चांगली, हात दुखत नाही. पण एकदम बारीक उभी रेष तिच्यात टिकत नाही. हत्याराच्या दाबाने ती लवते, आणि छापताना चमच्याच्या दाबाने पुन्हा लवते.

खऱ्या लिनोचं एक मला फार आवडतं. हा पदार्थ म्हणजे मुळात जवसाचं तेल. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकाने १८६३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेही जमिनीवर अंथरण्यासाठी. जवसाचं तेल हवा लागून घट्ट होतं, त्यात राळ, बुचाचा भुसा आणि लाकडाचं पीठ मिसळून तागाच्या कापडावर दाबायचं. चित्रकारांच्या हाती तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. आणि ज्या शाईने मी छापणार, तीही जवसाच्याच तेलातली. आपल्याकडे ज्याची चटणी करतात तेच जवस, एकदा लादी होऊन आणि एकदा शाई होऊन समोरासमोर येतं.

लादीवर पिवळसर झाक होती. अंधारात गुंडाळून ठेवलेल्या लिनोवर ती येते, दोन दिवस उजेडात ठेवला की जाते. खिडकीपाशी सपाट ठेवून दिला.

२६ जानेवारी

आज चाचणीचा ब्लॉक. मुख्य चित्राची एकही रेष काढण्याआधी हे करायचंच.

बारीक कामाचे लिनोकट करणारे पुष्कळ जण आधी चित्र काढतात, मग कोरतात आणि सरतेशेवटी शाई नि कागदाचा विचार करतात. मी उलट्या टोकाने जाते. आपलं हत्यार किती बारीक रेष कोरू शकतं याला फारसा अर्थ नाही. चांगल्या धारेच्या व्ही टूलने (व्ही आकाराच्या पात्याचं कोरायचं हत्यार) केसाएवढी रेघ कुणीही काढेल. ती रेघ शाईचा रोलर फिरल्यावर पांढरी राहते का, दहाव्या कागदावरही राहते का, ते महत्त्वाचं. म्हणून आधी शाई, कागद आणि दाब ठरवायचा, त्यांना झेपेल ती रेष मोजायची आणि मग चित्राला हात घालायचा.

चाचणीच्या तुकड्यावर दोन प्रकारच्या रेघा कोरल्या. एक, कोरलेल्या, म्हणजे पांढऱ्या छापणाऱ्या. दुसऱ्या, दोन्ही बाजूंनी कोरून मध्ये उभ्या ठेवलेल्या, म्हणजे काळ्या छापणाऱ्या. दोन्हींच्या रुंदी ०.३ मिलिमीटरपासून १ मिलिमीटरपर्यंत. शिवाय समांतर रेघांचे, आडव्या-उभ्या जाळीचे आणि ठिपक्यांचे चौकोन.

१ फेब्रुवारी

शाईसाठी शनिवार पेठेतल्या एका जुन्या ऑफसेट प्रेसवर गेले. प्रेस आता बंद आहे, पण प्रेसवाल्या काकांकडे काळ्या शाईचे डबे अजून आहेत. डब्याचं झाकण काढून वरची साय बाजूला केली, खाली शाई ताजी. पात्याच्या टोकावर थोडी घेऊन त्यांनी वर ओढून दाखवली. लांब, न तुटणारी तार निघाली.

म्हणाले, "ताई, लोकांना वाटतं पातळ शाई बारीक रेघेला बरी. तसं न्हाई. पातळ शाई पळती. घट्टच ठेवा, आन् कमी घ्या."

हे वाक्य टेबलासमोर लिहून लावलंय.

ऑफसेटच्या शाईत रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं. त्यामुळे अगदी पातळ थर दिला तरी काळं गडद उमटतं, आणि थर पातळ राहिला की बारीक रेघा बुजत नाहीत. अडचण तिच्या चिकटपणाची. प्रेसवाले त्याला टॅक म्हणतात. हाताने छापायच्या मऊ कागदाचे तंतू ती उपटून घेते. त्यावर जवसाच्या तेलाचे दोनच थेंब, नखभर शाईला. तेल जास्त झालं की तीच शाई पळायला लागते.

पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शाईचीही चाचणी घेतली. आमच्याकडच्या कोरड्या हवेत ती काचेवरच सुकते, दुसऱ्या फेरीला दाणेदार होते. मोठ्या आकारांना चालेल, इथे नाही.

५ फेब्रुवारी

कागद. तीन प्रकार समोर होते.

पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद मला मनापासून आवडतो, हातात घेतल्यावर वजन जाणवतं. पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि जाडी भरपूर. प्रेसखाली, ओला करून, त्याच्यावर सुंदर काम होतं. चमच्याने घासून मात्र त्याच्या खळग्यांत शाई पोचत नाही. गुळगुळीत कार्ट्रिज कागदावर रेघ स्पष्ट येते, पण मोठ्या काळ्या भागात पांढरे ठिपके राहतात. नेपाळी लोक्ता कागद पातळ, लांब तंतूंचा, ओढला तरी न फाटणारा. मागून घासताना शाई कुठे लागली आणि कुठे नाही, ते कागदातून दिसतं. हाताने छापणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय नाही. त्याची एक बाजू जास्त गुळगुळीत असते, बोट फिरवून ओळखायची आणि पाठीवर पेन्सिलीने छोटी फुली करायची.

लोक्ता नक्की केला.

९ फेब्रुवारी

चाचणीचा निकाल. निवडलेली शाई, निवडलेला कागद, कडक रबरी रोलर, लाकडी चमचा. एकाच तुकड्यावरून ओळीने छापत गेले, मध्ये ब्लॉक न पुसता, कारण खऱ्या छपाईत तसंच होणार.

उभ्या ठेवलेल्या काळ्या रेघा ०.३ मिलिमीटरपर्यंत टिकल्या. कोरलेल्या पांढऱ्या रेघांचं तसं नाही. ०.३ ची रेघ पहिल्या छापांत होती, पुढे तुटक झाली, मग बुजली. ०.४ ची शेवटपर्यंत राहिली, पण तीही खोल कोरलेली असेल तरच. उथळ ०.४ बुजली. जाळीच्या चौकोनात तर ०.५ च्या खाली काहीच भरवशाचं नाही, कारण दोन रेघा जिथे छेदतात तिथे शाई साचते.

म्हणजे या चित्राची सर्वांत बारीक दरज ०.४ मिलिमीटर.

आणि यातूनच चित्राचा खालचा अर्धा भाग ठरला. विहिरीत वरून बघताना थर लहान होत जातात. मापं घेऊन हिशेब केला, तर उन्हाच्या कडेखाली काही थरांनंतर दरजेची रुंदी ०.४ च्या खाली जाते. त्यापुढे दरजा कोरायच्याच नाहीत, भिंत तिथून अखंड काळी. डोळ्यालाही प्रत्यक्षात तिथे दरजा दिसत नाहीत, आपल्याला त्या माहीत असतात म्हणून काढाव्याशा वाटतात. बारकाव्याच्या हौसेने तळापर्यंत चिरे मोजून काढले असते, तर चित्रातली खोलीच गेली असती.

१५ फेब्रुवारी

पूर्ण आकाराचं रेखाटन झालं. ट्रेसिंग पेपरवर, २बी पेन्सिलीने.

लिनोकट उलटा छापतो, त्यामुळे डावं-उजवं बदलतं. आठकोन तसा दोन्हीकडून सारखा, पण उन्हाची कड, पुलाची बाजू आणि पिंपळ हे उलटून चालणार नाही. ज्याने ती विहीर पाहिली आहे त्याला लगेच खटकेल. ट्रेसिंग पालथं घालून मागून घासलं की पेन्सिलीची रेघ लिनोवर आपोआप उलटी उतरते. वेगळं काही करावं लागत नाही. कार्बन पेपर टाळते, त्याचं मेण लिनोवर राहिलं तर शाई तेवढ्या जागी धरत नाही.

रेखाटन उतरवण्याआधी लिनो तयार केला. १००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने गोल गोल घासला, पुसला. मग पातळ लाल शाईचा एक हात दिला. लाल पृष्ठभागावर कोरलं की आतला राखाडी लिनो उघडा पडतो आणि छापल्यावर काय दिसेल याचा अंदाज कोरतानाच येतो. लाल म्हणजे काळं, राखाडी म्हणजे पांढरं. पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मुख्य रेघा पातळ टोकाच्या कायम शाईच्या पेनने पक्क्या केल्या.

सगळ्या टाकीखुणा मात्र काढल्या नाहीत. फक्त बाण. त्या खुणा हत्यारानेच यायला हव्यात. आधी काढून मग त्यावरून कोरल्या की रेघ मेलेली येते.

१८ फेब्रुवारी

धार.

एक व्ही टूल १ मिलिमीटरचं, एक जरा मोठं. यू गाऊज, म्हणजे यू आकाराच्या पात्याची हत्यारं, २, ५ आणि ८ मिलिमीटरची. नवीन हत्यारालाही धार लागतेच. चामड्याच्या पट्टीवर हिरवं पॉलिश चोळून त्यावर हत्यार फक्त मागे ओढायचं, पुढे ढकलायचं नाही. व्ही टूलच्या दोन्ही पाकळ्या सारख्या वेळा, आणि आतल्या बाजूसाठी चामड्याची घडी घालून तिच्या कडेवरून.

व्ही टूलचं तळाचं टोक सगळ्यात महत्त्वाचं. दोन पाकळ्या जिथे मिळतात तिथे बारीकशी चोच उरली की ती लिनो कापत नाही, फाडते. कोरलेल्या रेघेच्या दोन्ही कडा भिंगातून बघितल्या की कळतं. कडा चकचकीत असतील तर धार बरोबर, दाणेदार असतील तर पुन्हा पट्टीवर. काम करताना दर वीसेक मिनिटांनी हात आपोआप पट्टीकडे गेला पाहिजे. हत्यार बोथट झाल्याचं जाणवेपर्यंत थांबायचं नाही, कारण जाणवतं तोपर्यंत काही रेघा खराब झालेल्या असतात.

२३ फेब्रुवारी

कोरायला सुरुवात, वरच्या कठड्यापासून. सकाळी लिनो थंड आणि कडक होता, गॅलरीतल्या उन्हात थोडा वेळ ठेवला. लोण्यासारखा मऊ नको, पण बोटाला किंचित कोमट लागला की हत्यार सरकतं.

एका चिऱ्याचं काम असं चालतं. आधी चारही दरजांच्या दोन्ही कडा व्ही टूलने, दरजेची रेघ मध्ये उभी ठेवून, हत्यार शक्य तेवढं आडवं धरून. उभं धरलं की ते खोल घुसतं आणि रेघ मध्येच जाड होते. हत्याराचा हात फार हलवायचा नाही. वळण आलं तर ब्लॉक फिरवायचा. ब्लॉक लाकडी आडकाठीच्या फळीवर असतो, डावा हात नेहमी हत्याराच्या मागे. मग दर्शनी भागावरच्या टाकीखुणा, बाणाच्या दिशेने, छोटे टोचे. प्रत्येक टोचा सुरुवातीला बारीक, मध्ये रुंद, शेवटी पुन्हा बारीक. हत्यार आत घालून मनगटाने वर काढलं की तसा येतो. उन्हातल्या चिऱ्यावर टोचे दाट, सावलीकडे विरळ होत गेलेले. शेवटी वरच्या कडेला, जिथे ऊन थेट लागतं, तिथे २ मिलिमीटरच्या गाऊजने एक स्वच्छ पांढरी पट्टी.

दरजांच्या भिंती तिरक्या असाव्या लागतात, व्हीच्या आकाराच्या. दरजेची उभी रेघ तळाशी रुंद असली की ती दाबाखाली तग धरते. हत्यार एका बाजूला कललं तर वरून सगळं ठीक दिसतं, पण आतून ती रेघ पोखरलेली असते आणि छापता छापता उडून जाते.

२ मार्च

वरचे थर चालू. मोठे पांढरे भाग कमी आहेत, तेवढे ८ मिलिमीटरच्या गाऊजने काढले. तळाच्या तागापर्यंत जायचं नाही, निम्मी जाडी पुरते. उरलेल्या उंचवट्यांना शाई लागून बारीक काळे ओरखडे छापतात. काही जण ते पूर्ण साफ करतात. मी कठड्यावरचे ठेवणार, पण सगळे एकाच दिशेने, दगडाच्या लांबीला धरून.

१६ मार्च

उन्हाची कड आली. चित्रातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे.

कडेच्या वर चिरा पांढरा आणि दरज काळी. कडेच्या खाली चिरा काळा आणि दरज पांढरी. म्हणजे एकच दरज वरून खाली येताना कडेपाशी रंग बदलते. वर ती उभी ठेवलेली रेघ आहे, खाली कोरलेली. हा बदल एकाच बिंदूवर झटकन केला तर चित्र कापून चिकटवल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षातली कड दगडाच्या खडबडीवर थोडी विरते. म्हणून कडेच्या आसपास दीड-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात दरज तुटक ठेवली, आणि चिऱ्यावरचे टोचे तिथे कमी कमी करत नेले. वरून येणारी काळी रेघ टोच्यांत हरवते, आणि थोडं पुढे गेल्यावर पांढरी होऊन निघते.

एका बैठकीत कडेचा बोटभर भाग होतो. घाई करायची नाही. भिंगाच्या दिव्याखाली डोळे लवकर थकतात, मग अंगणात जाऊन लांबवर अजिंक्यताऱ्याकडे बघत बसते.

३० मार्च

गुढीपाडवा. सकाळची गुढी झाल्यावर थोडं काम केलं, मग चित्तप्रसाद यांच्या लिनोकटांची छापील चित्रं काढून बसले. बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारा हा चित्रकार १९४६ पासून मुंबईत, अंधेरीला राहिला. राबणाऱ्या मुलांवरची त्यांची लिनोकटांची मालिका तिथली. लिनोवर बारीक काम करायचं म्हणजे सगळीकडे सारख्या केसाळ रेघा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही चित्रं बघावीत. जिथे अंगावरचं कापड आहे तिथे रेघा दाट, आणि अंधार आहे तिथे त्यांनी हत्यार लावलेलंच नाही. तो न लावलेला हात मला विहिरीच्या तळासाठी हवाय.

तळाच्या पाण्यासाठी दुसरा आधार डच चित्रकार एशरचा. १९५० सालचं त्याचं पाण्यावरच्या तरंगांचं चित्र लिनोकटच आहे, दोन ब्लॉकांत छापलेलं. पाण्याची एकही रेघ वेगळी काढलेली नाही. प्रतिबिंब मोडतं, त्यावरून पाणी कळतं. माझ्या पाण्यातही आकाशाचा आठकोनी तुकडाच दिसेल, कडा किंचित थरथरलेल्या. बाकी काही नाही.

१३ एप्रिल

उकाडा. दुपारी लिनो इतका मऊ होतो की व्ही टूलच्या पुढे लिनो गोळा होतो आणि ०.४ ची दरज ०.६ होते. पहाटे साडेपाच ते नऊ एवढंच काम. पंखा बंद ठेवते. कोरलेले तुकडे ब्लॉकवर उडून हत्याराखाली येतात, म्हणून जाड केसांचा ब्रश सतत हाताशी.

खालचे थर आता दाटले आहेत. दोन दरजांमध्ये जेमतेम तीन मिलिमीटर.

२७ एप्रिल

शेवटची दरज कोरली, ठरल्याप्रमाणे. त्याखाली भिंत लाल, म्हणजे काळी राहणार. खाली आणखी एक तरी थर घालावा असं हाताला फार वाटत होतं. चाचणीचा कागद बाजूलाच टांगून ठेवला होता, ते बरं झालं.

पाणी कोरलं. पिंपळाची पानं शेवटी, प्रत्येक पानाला एकच शीर.

४ मे

पहिलं प्रूफ, म्हणजे तपासणीचा छाप.

ब्लॉक ब्रशने, मग किंचित स्पिरिटच्या फडक्याने पुसला. काचेवर शाई पात्याने मळून मऊ केली. उकाड्यात ती सैल वाटत होती, म्हणून ती घट्ट करायला चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट. रोलर काचेवर फिरवताना आवाज ऐकायचा. थर जाड असेल तर चिकट चटचट येते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. पातळ झाला की आवाज बारीक, एकसारखा सळसळता. त्यानंतरच ब्लॉककडे जायचं. ब्लॉकवर एकदाच भरपूर शाई न देता पुष्कळ हलके हात द्यायचे, दर वेळी दिशा बदलून, रोलरवर दाब न देता.

पहिले छाप फिके येतात, लिनो शाई पितो. ते बाजूला ठेवून पुढचा नीट पाहिला. भिंतीला टाचून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

उन्हाची कड जमली आहे. दरजा कुठेही बुजलेल्या नाहीत. मात्र कडेच्या खालचे पहिले दोन थर जास्त उजळ आहेत, त्यामुळे नजर तिथेच अडते आणि पाण्यापर्यंत जात नाही. कोरलेलं परत भरता येत नाही. पण त्यांच्या वरच्या उन्हातल्या चिऱ्यांवर अजून वाव आहे. ते आणखी पांढरे केले की हे दोन थर तुलनेने काळवंडतील.

८ मे

उन्हातल्या चिऱ्यांवर टोचे वाढवले, काही ठिकाणी दोन टोच्यांमधली भिंत काढून टाकली. दुसरं प्रूफ घेतलं. नजर आता कठड्यावरून कडेला येते, कडेवरून घसरते आणि पाण्याच्या तुकड्यावर थांबते. प्रूफवर पेन्सिलीने "छापायला हरकत नाही" असं लिहून तारीख घातली. पुढचा प्रत्येक छाप याच्याशी ताडून बघायचा.

१८ मे

छपाई. आवृत्ती २० प्रतींची, त्यातल्या निम्म्या आता.

कागद जागेवर बसण्यासाठी पुठ्ठ्याची काटकोनी चौकट केली आहे. ब्लॉक कोपऱ्यात बसतो, कागदाची एक कड पट्टीला लावून हळू सोडायची. एकदा शाईला टेकला की सरकवायचा नाही. त्यावर बटर पेपर, म्हणजे लोक्ताचे तंतू चमच्याने उसवत नाहीत. मधून बाहेर, छोट्या गोल फेऱ्यांनी घासायचं. अखंड काळ्या भागात चमच्याचा फुगीर भाग आणि अंगाचा भार. दरजांच्या भागात हलका हात, कारण जास्त दाबलं की पातळ कागद दरजेत उतरतो आणि तिच्या भिंतीवरची शाई उचलतो. मग ०.४ ची दरज कागदावर ०.३ होते. चाचणीत हे कळलं होतं, म्हणून आता हाताचा दाब दोन प्रकारचा ठेवता येतोय.

एक कोपरा उचलून बघायचा, तिथे काळं कमी असेल तर परत टेकवून घासायचं. दुसऱ्या हाताने कागदाचं उरलेलं अंग दाबून धरलेलं असतं.

एका प्रतीला बऱ्यापैकी वेळ जातो. खांदा भरून आला की थांबते, कारण दमलेल्या हाताचा दाब प्रतीत दिसतो. दर तीन-चार छापांनंतर ब्लॉकवर साधा कागद ठेवून जुनी शाई उचलून घेते, दरजा मोकळ्या राहतात.

१९ मे

काकांना एक प्रूफ दाखवायला नेलं. त्यांनी आधी चित्र बघितलं नाही, कागद उजेडाकडे तिरका धरून शाईचा थर बघितला. "लई चढवली न्हाई, बरं केलं." मग चित्र सरळ धरून विचारलं, "ही शेरीची वाडी ना? मोट कुठल्या अंगाला होती?" बोट ठेवून दाखवलं.

१ जून

प्रती दोरीवर, चिमट्यांना. शाई हवेतल्या प्राणवायूने घट्ट होते, नुसतं पाणी उडून जाण्याचा प्रश्न नाही, म्हणून उन्हात ठेवून फार फायदा नाही. वारा खेळता हवा. मेमधल्या प्रती बोटाला सुक्या लागतात. अखंड काळा भाग अजून किंचित ओलसर, कोपऱ्यावर कागद दाबून बघितला तर पुसट डाग येतो. पावसाळी हवा सुरू झाली की हे वाळणं आणखी लांबेल.

१५ जून

वाळलेल्या प्रती सपाट केल्या, दोन पुठ्ठ्यांमध्ये, मध्ये बटर पेपर, वर वजन. सही आणि क्रमांक पेन्सिलीने, चित्राच्या खाली. डावीकडे क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे सही आणि वर्ष. प्रूफ वेगळी, त्यांवर क्रमांक नाही.

ब्लॉक खाद्यतेलाने पुसला, मग थोड्या साबणाच्या फडक्याने, लगेच कोरडा केला. दरजांमधली शाई मऊ दात-ब्रशने काढली. धारदार काही लावलं नाही. वर्तमानपत्रात सपाट गुंडाळून कपाटात आडवा ठेवला. उभा ठेवला तर वाकतो.

उरलेल्या प्रती दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर. लोक्ताचे ताव आणलेले आहेत, त्यांच्या पाठीवर फुल्याही करून ठेवल्या. काकांकडचा डबा अर्धा आहे, तेवढी शाई पुरेल.